सेट-टॉप बॉक्स चालू, टीव्ही चालू, तरी चित्र नाही : एचडीएमआय जोडणीतील बिघाड शोधण्याची पद्धत

टीव्हीच्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरे उमटली की बहुतेक घरांतून पहिला फोन केबलवाल्याला जातो. त्याच्याकडचा मुलगा येतो, जिन्यातली जोडणी हलवून पाहतो आणि ‘सिग्नल तर बरोबर आहे काका, तुमचा टीव्हीच गेला असेल’ असे सांगून निघून जातो. मग टीव्हीचा मेकॅनिक येतो आणि तो बॉक्सला नावे ठेवतो. या फेऱ्यांत दोन-तीन दिवस सहज जातात, आणि बॉक्स व टीव्ही यांना जोडणाऱ्या दीड मीटरच्या केबलकडे मात्र कोणीच पाहिलेले नसते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार टाळण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागत नाही. कोणती तपासणी आधी करायची आणि कोणती नंतर, एवढे ठाऊक असले तरी पुरते.

पुण्यात केबलचे डिजिटायझेशन देशातील दुसऱ्या टप्प्यात झाले आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. त्या काळात घरोघरी आलेले साधे बॉक्स पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांच्या एव्ही केबलने जोडले जात. त्या जोडणीचे वागणे सरळ होते : पिन नीट बसली की चित्र दिसे, सैल झाली की खरखर होई. एचडी बॉक्सबरोबर आलेल्या एचडीएमआय जोडणीत, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही एकाच केबलमधून नेणाऱ्या डिजिटल जोडणीत, चित्र सुरू होण्याआधी बॉक्स आणि टीव्ही यांच्यात माहितीची देवाणघेवाण व्हावी लागते, आणि ती मध्येच अडली तर केबल धडधाकट असूनही पडदा काळा राहतो. त्यामुळे केबल काढून पुन्हा घालण्याचा जुना उपाय कधी लागू पडतो आणि कधी नाही, आणि लागू पडला तरी तो का लागू पडला हे कळत नाही.

पडद्यावरील पाटी कोणाची आहे?

सर्वांत आधी हे ठरवावे की ‘सिग्नल नाही’ असे नेमके कोण सांगत आहे, टीव्ही की बॉक्स. टीव्हीची पाटी सहसा लहान असते, ती काळ्या किंवा निळ्या पडद्यावर जागा बदलत फिरते आणि तिच्यात ‘एचडीएमआय १’ अशासारखे इनपुटचे नाव असते. बॉक्सच्या सूचनेत बहुधा कंपनीचे रंग, एखादा त्रुटी क्रमांक, ग्राहक सेवेचा दूरध्वनी किंवा वाहिनीचे नाव दिसते. शंका राहिली तर बॉक्सच्या रिमोटवरील मेन्यू किंवा गाइडचे बटण दाबावे. पडद्यावर बॉक्सचा मेन्यू उघडला तर एचडीएमआय जोडणी शाबूत आहे, कारण तो मेन्यू त्याच केबलमधून टीव्हीपर्यंत आलेला आहे. अशा वेळी दोष बॉक्सच्या मागे सिग्नल घेऊन येणाऱ्या गोल कोॲक्सियल केबलमध्ये, छतावरील डिशमध्ये, ऑपरेटरकडे किंवा संपलेल्या रिचार्जमध्ये असतो आणि केबलवाल्याला किंवा डिशच्या कंपनीलाच बोलावणे योग्य ठरते. जोराच्या पावसात डिशचे चित्र जाते तेही याच प्रकारात मोडते; तिथे एचडीएमआय केबल बदलून काहीही साध्य होत नाही.

मेन्यू उघडत नसेल तर बॉक्सच्या दिव्याकडे पाहावे. रिमोटचे बटण दाबल्यावर दिवा क्षणभर लुकलुकला तर बॉक्स जागा आहे आणि आज्ञा ऐकत आहे. दिवा मुळीच लागत नसेल तर प्रश्न विजेचा किंवा ॲडॅप्टरचा आहे. दिवा लागतो पण रिमोटला प्रतिसाद नाही, अशा वेळी आधी रिमोटचे सेल बदलावेत आणि तरीही फरक पडला नाही तर बॉक्स अडकून पडला आहे असे समजावे.

यानंतर टीव्हीच्या रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’चे बटण. हे सांगणे अनेकांना बाळबोध वाटते, परंतु वर वर्णन केलेल्या फोनांपैकी कितीतरी या एका बटणाने वाचले असते. नव्या स्मार्ट टीव्हींपैकी अनेक चालू होताना थेट स्वतःच्या होम स्क्रीनवर जातात. घरातील मुले खेळाचे यंत्र किंवा स्ट्रीमिंग स्टिक वापरून टीव्ही त्याच इनपुटवर सोडून देतात. गणपतीच्या आराशीसाठी टीव्ही हलवला जातो आणि विसर्जनानंतर केबल दुसऱ्याच पोर्टमध्ये जाते. टीव्हीच्या मागे केबल ज्या पोर्टमध्ये आहे त्याच्या शेजारी छापलेला क्रमांक वाचावा आणि तोच क्रमांक पडद्यावर निवडावा. अंदाजाने निवडू नये, कारण चुकीचा इनपुट निवडलेला असताना पुढच्या सर्व तपासण्या फसव्या ठरतात.

जोडणी होताना आत काय घडते

एचडीएमआयच्या नेहमीच्या मोठ्या पिनेत १९ संपर्क असतात. त्यांतील एका संपर्कावरून बॉक्स टीव्हीकडे ५ व्होल्टचा दाब पाठवतो आणि टीव्ही दुसऱ्या संपर्कावरून आपण जोडलेले असल्याची खूण परत देतो. मग बॉक्स टीव्हीच्या आतील एक छोटी नोंद वाचतो, जिला ईडीआयडी म्हणतात. हा टीव्ही कोणकोणत्या आकाराचे चित्र आणि कोणत्या प्रकारचा आवाज स्वीकारू शकतो, याची ती यादी असते. त्यानंतर एचडीसीपी नावाच्या नकलप्रतिबंधक व्यवस्थेच्या किल्ल्या जुळवल्या जातात आणि शेवटी चित्र सुरू होते. एकही पायरी अडली तर पडदा काळा राहतो, चित्र एकदा येऊन जाते, किंवा एचडीसीपीचा उल्लेख असलेली सूचना दिसते.

वीज गेल्यानंतर परत आली की अनेक घरांत चित्र येत नाही, याचे कारण इथे सापडते. बॉक्स आणि टीव्ही एकाच वेळी सुरू होतात, स्मार्ट टीव्हीला पूर्ण जागे होण्यास अधिक वेळ लागतो आणि बॉक्सने ओळख विचारली तेव्हा उत्तर देण्याच्या स्थितीत टीव्ही नसतो. काही बॉक्स पुन्हा विचारतात, काही विचारत नाहीत.

यावरचा उपाय क्रमाने करावा लागतो. दोन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून काढावेत. रिमोटने बंद केलेला बॉक्स केवळ स्टँडबायमध्ये जातो आणि त्याच्या आतील अडलेली अवस्था तशीच राहू शकते. एक-दोन मिनिटे थांबून आधी फक्त टीव्ही लावावा, त्याला पूर्ण सुरू होऊ द्यावे आणि योग्य इनपुट निवडावा. मगच बॉक्सचा प्लग घालावा आणि पडद्याकडे पाहत राहावे. बॉक्स सुरू होताना दिसणारे कंपनीचे बोधचिन्ह आले आणि नंतर चित्र नाहीसे झाले, तर केबल बहुधा ठीक असून रिझोल्यूशनची (चित्रातील ठिपक्यांच्या संख्येची) किंवा एचडीसीपीची अडचण आहे. बोधचिन्हही आले नाही तर केबल आणि पोर्ट तपासायला घ्यावेत.

केबल हलवण्याआधी विजेचे पाहावे

एचडीएमआय केबल चालू यंत्रांत काढता-घालता येते असे पुस्तकांत लिहिलेले असते, आणि प्रमाणाप्रमाणे ते खरेही आहे. आपल्या घरांतील परिस्थितीत मात्र तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बॉक्सचा ॲडॅप्टर बहुधा दोन पिनांचा असतो आणि त्याला अर्थिंग नसते. अशा ॲडॅप्टरच्या आतील संधारित्रांतून (कपॅसिटरमधून) अगदी अल्प गळती होते आणि बॉक्सच्या धातूच्या भागाला हात लावला की बोटाला झिणझिण्या येतात. त्यातच केबलवाल्याची कोॲक्सियल तार एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीवर आलेली असते आणि तिचे बाहेरचे जाळीदार आवरण वाटेतल्या ॲम्प्लिफायरच्या वीजजोडणीशी संबंधित असते. त्या आवरणाचा आणि आपल्या टीव्हीचा विद्युत दाब सारखाच असेल याची खात्री नसते. दोन्हींना जोडणारी एचडीएमआय पीन सॉकेटमध्ये शिरते त्या क्षणी हा फरक नाजूक संपर्कांतून वाहू शकतो आणि आतील आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) कायमची निकामी होऊ शकते. केबल लावताना कधी बारीक ठिणगी दिसली असेल तर ती याचीच खूण होती.

म्हणून टीव्ही आणि बॉक्स या दोघांचेही प्लग बाहेर काढावेत. नुसते बटण बंद करणे पुरेसे मानू नये. पेठांतील जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेले आढळते आणि मग बटण बंद असूनही यंत्रापर्यंत फेज पोहोचत राहतो. त्यानंतर बॉक्सच्या मागची कोॲक्सियल तार फिरवून सोडवावी. आता एचडीएमआय केबलचे जे काही करायचे ते करावे. जोडताना उलट क्रम ठेवावा : आधी एचडीएमआय, मग कोॲक्सियल, शेवटी वीज. कोॲक्सियल तारेला हात लावल्यावर झिणझिण्यांऐवजी जोराचा झटका बसत असेल तर ती तार बॉक्सला जोडूच नये, ऑपरेटरला आणि आपल्या वायरमनला दोघांनाही सांगावे. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावरून निष्कर्ष काढू नये; तो किरकोळ गळतीनेही मंद पेटतो.

वळवाच्या दिवसांत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. एप्रिल-मेमधील पुण्याच्या दुपारी ढग भरून येतात आणि गडगडाट सुरू होतो, तेव्हा लोक टीव्हीचा प्लग काढतात, परंतु कोॲक्सियल तार तशीच राहते. जवळपास वीज पडली की उठणारा उच्च दाब त्या तारेवरून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआय केबलमार्गे टीव्हीत उतरू शकतो. स्पाइक गार्ड फक्त विजेच्या बाजूचे रक्षण करतो, या मागच्या दाराचे नाही. गडगडाटानंतर बॉक्स एव्ही केबलवर चालतो, टीव्ही इतर कामांसाठी चालतो, पण त्या दोघांमधली एचडीएमआय जोडणी मात्र गेली आहे, असे दिसले तर बहुधा पोर्टच्या मागची आयसी जळालेली असते.

केबल आणि पोर्ट

वीज काढलेली असतानाच दोन्ही टोके बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात पाहावीत. सॉकेटच्या मधल्या जिभेवर एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला ९ संपर्क ओळीत दिसले पाहिजेत. एखादा वाकलेला, काळवंडलेला किंवा आत दबलेला असेल तर तोच दोष आहे. धूळ किंवा किड्यांचे अवशेष असतील तर मऊ कोरड्या ब्रशने काढावेत. हट्टी मळासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला ब्रश चालतो आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय वीज जोडू नये. टाचणी, सुई किंवा तेलाचा फवारा यांचा वापर करू नये.

एचडीएमआय पिनेला अडकवणारी कळ नसते, ती केवळ घर्षणावर टिकते. भिंतीवर टांगलेल्या टीव्हीत पीन खालून वर घातलेली असेल तर केबलचे सगळे वजन तिला दिवसरात्र खाली ओढत असते. जाड, ताठ, महागडी केबल या बाबतीत अधिक त्रासदायक ठरते. पीन हलवल्यावर चित्र येते-जाते असे होत असेल तर केबलला पट्टीने भिंतीशी किंवा टीव्हीच्या स्टँडशी बांधून ताण काढावा. भिंत आणि टीव्ही यांत जागा कमी असेल तर काटकोनी जोड किंवा वीतभर लांबीचा लवचीक जोड वापरावा. काटकोनी जोड वर वळणारा आणि खाली वळणारा अशा दोन जातींचे मिळतात, तेव्हा खरेदीपूर्वी आपल्या पोर्टची रुंद बाजू कोणीकडे आहे ते पाहून जावे.

आता महत्त्वाची कसोटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तीच केबल टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टमध्ये घालून पाहावी आणि इनपुटही तो निवडावा. चित्र आले तर पहिला पोर्ट बिघडला आहे. आले नाही तर केबल बदलून पाहावी. शेजाऱ्यांची चालती केबल पाच मिनिटांसाठी मागणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तरीही चित्र नसेल तर बॉक्सच्या जागी लॅपटॉप जोडावा. लॅपटॉपचे चित्र दिसले की टीव्ही आणि केबल दोन्ही निर्दोष ठरतात आणि उरतो तो बॉक्स.

लॅपटॉपला एचडीएमआयचे तोंड नसेल तर शेजाऱ्यांचा बॉक्सच आणावा. ‘त्यांचा बॉक्स आमच्या लाइनवर कसा चालेल?’ असा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. वाहिन्या चालणार नाहीत हे खरे, पण त्याची गरजही नाही. सिग्नल, रिचार्ज, कोॲक्सियल तार यांतले काहीही नसले तरी बॉक्स सुरू होताना आपले बोधचिन्ह किंवा सूचना पडद्यावर दाखवतो आणि एचडीएमआयची परीक्षा घेण्यासाठी तेवढे पुरते. याच न्यायाने आपला बॉक्स फक्त ॲडॅप्टरसह शेजारच्या टीव्हीला लावून पाहता येतो. एवढ्या अदलाबदलीनंतर दोष कोणत्या यंत्रात आहे याबद्दल संशय सहसा उरत नाही.

नवी केबल घ्यायचीच झाली तर बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत हवी तेवढी विविधता आहे. वाहन दूर लावून चालत जाण्याची तयारी ठेवावी, इतकेच. पाकिटावरील ‘२.०’, ‘२.१’ अशा आकड्यांना आणि सोन्याच्या मुलाम्याला फार महत्त्व देऊ नये. केबलचे अधिकृत वर्ग वेगळ्या नावांनी ओळखले जातात : हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड आणि अल्ट्रा हाय स्पीड. यांतील शेवटच्या दोन वर्गांच्या प्रमाणित केबलच्या पाकिटावर फोनने तपासता येणारे लेबल असते. एचडी बॉक्ससाठी चांगली हाय स्पीड केबल पुरते. ४के, म्हणजे १०८० रेषांच्या एचडीच्या चौपट ठिपक्यांचे चित्र देणारा, बॉक्स असेल तर प्रीमियम हाय स्पीड घ्यावी. लांबी गरजेपुरतीच असावी. खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या लांब केबलमध्ये आतून इलेक्ट्रॉनिक्स किंवा प्रकाशतंतू असेल तर तिला दिशा असते आणि टोकांवर ‘सोर्स’ व ‘डिस्प्ले’ असे छापलेले असते. ‘सोर्स’चे टोक बॉक्समध्ये जायला हवे, उलटी लावली तर ती काहीच दाखवत नाही.

फ्लॅटचे फर्निचर करून घेताना भिंतीत केबल दडवायची असेल तर सुताराला आणि वायरमनला आधीच सांगावे की एचडीएमआयचे डोके तारेपेक्षा बरेच रुंद असते आणि नेहमीच्या बारीक पाइपातून, विशेषतः काटकोनी वळणातून, ते जात नाही. रुंद पाइप घालावा, वळण सौम्य ठेवावे आणि ओढण्यासाठी एक दोरी आत सोडून ठेवावी. प्लास्टर झाल्यावर केबल बिघडली तर ती बदलण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.

रिझोल्यूशनचा घोळ

चित्र येते पण त्यात पांढरे ठिपके चमकतात, काही सेकंद पडदा काळा होऊन परत येतो, किंवा काही वाहिन्यांवरच हे घडते, अशा तक्रारींचे मूळ बहुधा केबलच्या क्षमतेत असते. १०८०पी, म्हणजे १०८० रेषांची प्रत्येक फ्रेम पूर्ण पाठवणाऱ्या, चित्रासाठी केबलमधून दर सेकंदाला सुमारे ४.४६ गिगाबिट माहिती जाते. १०८०आय (एका वेळी एकाआड एक रेषा पाठवणारे स्वरूप) किंवा ७२०पी साठी सेकंदाला ५० या आपल्याकडील गतीने ती निम्मी, म्हणजे सुमारे २.२३ गिगाबिट होते, ५७६पी साठी केवळ ०.८१, उलट सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेमच्या ४के चित्राला सुमारे १७.८ गिगाबिट लागतात. यातून एक सोपी परीक्षा निघते. बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन एक पायरी खाली आणावे. ठिपके नाहीसे झाले तर केबल काठावर चालत होती आणि ती बदलायला हवी. बदलेपर्यंत बॉक्स १०८०आय वर ठेवावा. आपल्याकडील एचडी वाहिन्या प्रामुख्याने १०८०आय स्वरूपातच येतात, त्यामुळे असे केल्याने पाहण्यात उणीव राहत नाही. साध्या वाहिन्यांचे मूळ चित्रच ५७६ रेषांचे असते, ते कोणत्याही केबलने आणि कोणत्याही सेटिंगने एचडी होत नाही. या कारणासाठी केबलवर पैसे घालणाऱ्यांना मी तरी परावृत्त करतो.

जुन्या टीव्हीला नवा बॉक्स जोडताना वेगळी अडचण येते. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या गेलेल्या अनेक टीव्हींचे पडदे १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचे असतात. ते ७२०पी आणि १०८०आय स्वीकारतात, परंतु त्यांतील काहींना १०८०पी चालत नाही. बॉक्सवर १०८०पी निवडले गेले की टीव्ही ‘हे स्वरूप चालत नाही’ अशा अर्थाची सूचना दाखवतो किंवा काळा राहतो, आणि मग सेटिंग बदलायला मेन्यूच दिसत नाही. अशा कोंडीत दोन वाटा आहेत. बॉक्सला एव्हीचे तोंड असेल तर पिवळी पीन टीव्हीला जोडून त्या चित्रावर मेन्यू उघडावा आणि एचडीएमआयचे रिझोल्यूशन ७२०पी किंवा ५७६पी करावे. नाहीतर बॉक्स दुसऱ्या, नव्या टीव्हीला जोडून तिथे सेटिंग बदलून आणावे.

याच्या उलट प्रकार ४के टीव्हीवर दिसतो. अशा टीव्हीत प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी अधिक रंगमाहिती स्वीकारण्याचे सेटिंग असते. सोनीच्या टीव्हीत त्याचे पर्याय ‘स्टँडर्ड’ आणि ‘एन्हान्स्ड’ असे असतात, एलजीच्या टीव्हीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ असे नाव आढळते. काही साध्या बॉक्सना हे वाढीव सेटिंग झेपत नाही. त्या पोर्टपुरते ते बंद केले की चित्र येते. बॉक्सच ४के असेल तर मात्र ते चालू हवे, शिवाय टीव्हीचा तो पोर्ट एचडीसीपी २.२ जाणणारा हवा, नाहीतर ४के वाहिनी दिसणार नाही किंवा कमी रिझोल्यूशनमध्ये दिसेल.

संपूर्ण चित्र गुलाबी किंवा हिरवट दिसत असेल तर बॉक्स रंगांची माहिती एका पद्धतीने पाठवत आहे आणि टीव्ही ती दुसऱ्या पद्धतीने वाचत आहे, अशी शक्यता मोठी असते. वर सांगितल्याप्रमाणे क्रमाने यंत्रे बंद-चालू करावीत आणि न जमल्यास बॉक्सच्या मेन्यूतील कलर स्पेसचा पर्याय बदलून पाहावा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर तो बिघाड नव्हे. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ निवडावे.

चित्र आहे, आवाज नाही

बॉक्स डॉल्बी स्वरूपात आवाज पाठवत असेल आणि टीव्हीला किंवा मधल्या साउंडबारला तो उलगडता येत नसेल तर काही वाहिन्या बोलतात आणि काही मुक्या राहतात. बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ निवडावे. त्याने भागले नाही तर टीव्हीचा आवाज ब्लूटूथ स्पीकरकडे किंवा बाहेरच्या यंत्राकडे वळवलेला नाही ना, आणि बॉक्सचा स्वतःचा आवाज शून्यावर नाही ना, हे पाहावे. संगणकाच्या डीव्हीआय मॉनिटरला जोडकेबल लावून बॉक्स पाहणाऱ्यांना मॉनिटरमधून आवाज मिळणार नाही, तो बॉक्सच्या एव्ही तोंडातून वेगळा काढावा लागेल.

मधली उपकरणे

साउंडबार, एचडीएमआय स्विच, स्प्लिटर यांपैकी काहीही बॉक्स आणि टीव्ही यांच्या मध्ये असेल तर तपासणीपुरते ते काढून टाकावे आणि सरळ जोडणी करावी. एचडीसीपीच्या किल्ल्या मधल्या स्वस्त उपकरणात अडकणे ही सामान्य गोष्ट आहे. ‘एआरसी’ असे लिहिलेला पोर्ट टीव्हीचा आवाज साउंडबारकडे परत पाठवू शकतो, म्हणून तो साउंडबारसाठी राखावा आणि बॉक्स दुसऱ्या पोर्टमध्ये लावावा.

टीव्ही आपणहून इनपुट बदलतो, किंवा बॉक्स बंद केला की टीव्हीही बंद होतो, अशी तक्रार असेल तर सीईसी नावाची, एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय कारणीभूत असते. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती बंद करता येते. साउंडबार एआरसीवर असेल तर मात्र बंद केल्यावर त्याचाही आवाज जाऊ शकतो.

एव्हीचीच तोंडे असलेल्या जुन्या टीव्हीसाठी काही जण एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली साधी केबल आणतात. ती चालत नाही, कारण डिजिटल चित्र ॲनालॉगमध्ये बदलण्यासाठी यूएसबीवरून वीज घेणारा कन्व्हर्टर मध्ये असावा लागतो. बॉक्सला स्वतःचे एव्ही तोंड असेल तर त्याचीही गरज नाही.

फोन कोणाला आणि काय सांगून

दोष बॉक्सचा ठरला तर तो उघडू नये, कारण अनेक बॉक्सना सील असते आणि काही बॉक्स ऑपरेटरच्याच मालकीचे असतात. ॲडॅप्टर बदलून पाहायचा असेल तर त्यावर छापलेले व्होल्ट आणि पिनेच्या धन-ऋण टोकांची खूण तंतोतंत जुळली पाहिजे आणि अँपिअरचा आकडा मूळ आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असला पाहिजे. बॉक्स वारंवार आपोआप पुन्हा सुरू होत असेल तर ॲडॅप्टरवरचा संशय बळावतो.

ग्राहक सेवेला फोन करताना ‘टीव्ही लागत नाही’ एवढेच सांगू नये. ‘पाटी टीव्हीची आहे, बॉक्सचा दिवा लागतो, एव्हीवर चित्र येते, दोन केबल आणि दोन पोर्ट बदलून पाहिले, लॅपटॉप त्याच पोर्टवर चालतो’ असे सांगितले की पलीकडच्या माणसाला बॉक्स बदलण्याखेरीज फारसे काही सुचवता येत नाही. तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. नवा बॉक्स लावायला आलेल्या माणसाला निघण्यापूर्वी एक एचडी आणि एक साधी वाहिनी लावून दाखवायला सांगावे, रिझोल्यूशन कशावर ठेवले ते विचारावे आणि एकदा दोन्ही प्लग काढून पुन्हा लावल्यावर चित्र येते का, हे त्याच्यादेखत पाहावे.

दोष टीव्हीच्या एका पोर्टचा असेल आणि दुसरा पोर्ट चालत असेल तर दुरुस्तीची घाई करू नये. सगळेच एचडीएमआय पोर्ट गेले असतील तर मेकॅनिकला स्पष्ट विचारावे की केवळ सॉकेट नव्याने डाखले (सोल्डर केले) की काम होईल, पोर्टची आयसी बदलावी लागेल, की पूर्ण मेन बोर्ड. तिन्हींच्या खर्चात मोठे अंतर असते. सैल झालेले सॉकेट डाखणे बोर्डाच्या तुलनेत स्वस्त पडते, पण ते टीव्ही दुकानात नेऊन करणाऱ्याकडेच द्यावे, दिवाणखान्यात सोल्डरिंग आयर्न काढणाऱ्याकडे देऊ नये. बोर्ड बदलायचा ठरलाच तर जुना बोर्ड परत मागावा आणि नव्या बोर्डाच्या वॉरंटीचा उल्लेख पावतीवर करून घ्यावा.